जित्या बाईचा फोटो

दिवाळी सरली आणि ऊन वळलं. परवा सकाळी दुकानाचं शटर वर केलं, तर उजेड पायरीवर न रेंगाळता थेट आत आला, बांगड्यांच्या कपाटापर्यंत गेला, आणि मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले. वर्धेच्या उन्हाला लोक फार नावं ठेवतात. मे महिन्यात ठेवावीत, माझी हरकत नाही, मीही ठेवते. पण कापसाच्या दिवसांतलं आमच्याकडचं ऊन ज्यानं पाहिलं नाही, त्यानं या जिल्ह्याविषयी फार बोलू नये. हे ऊन डोक्यावर बसत नाही. ते बाजूनं येतं, सावकाश येतं, आणि चेहऱ्यावर जे असेल ते सगळं दाखवतं.

मी फोटो काढते. पोटासाठी नाही. पोटासाठी आमचं कटलरीचं दुकान आहे. टिकल्या, बांगड्या, पिना, मेंदीचे कोन. फोटो हौसेचे, तेही माणसांच्या चेहऱ्यांचे, आणि तेही फ्लॅश न लावता, जो उजेड असेल त्यात. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं असलं काही सुरू केलं की घरचे आधी कौतुक करतात आणि मग विचारतात, हे किती दिवस चालणार. आमचे हे अजून विचारतात. शिकवायला कोणी नव्हतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या एका मुलानं नवा कॅमेरा घेतला, जुना मला दिला, आणि 'काकू, हे एवढं बटण दाबायचं, बाकी कशाला हात लावू नका' असा एकच धडा दिला. मी बाकी सगळ्याला हात लावला.

खरं शिकवलं ते दुकानातल्या आरशानं. आरसा दाराजवळ आहे. टिकली बघायला आलेली बाई आधी आरशात बघते, मग तिला काहीतरी खटकतं, मग ती आरसा सोडून दाराकडं तोंड करते आणि सोबतिणीला म्हणते, "आता पाह्य." उजेड कुठून घ्यायचा हे कोणत्याही बाईला शिकवावं लागत नाही. पवनारला जाऊन धाम नदीच्या काठावर मी पाण्याचे आणि खडकांचे पुष्कळ फोटो काढले होते. छान आले. पण खडक 'आता पाह्य' म्हणत नाही, म्हणून मी ते सोडलं आणि माणसांच्या मागं लागले.

फ्लॅशवर माझा राग आहे. तो चेहऱ्यावर चापट मारल्यासारखा पडतो आणि माणूस दचकलेला दिसतो. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर त्याहून जास्त राग आहे, कारण तिथं आमच्या सावळ्या पोरी पीठ लावल्यासारख्या करून देतात आणि आया ते फोटो कौतुकानं पर्समध्ये ठेवतात. पण माझा सगळ्यात मोठा राग भिंतींवर आहे. आमच्याकडच्या कुठल्याही घरात जा आणि बघा, भिंतीवर एकट्या माणसाचा चौकटीतला फोटो असेल तर तो गेलेल्याचा. देवांचे फोटो आणि मेलेल्यांचे फोटो. जिवंत बाईची जागा ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआड अर्धी. ती समोर यायची तर तिला आधी मरावं लागतं.

आणि मेल्यावर काय होतं तेही मला ठाऊक आहे. तेरवीच्या आत फोटो हवा म्हणून घरभर शोधाशोध सुरू होते. कुठल्यातरी लग्नाच्या अल्बममधली, नाहीतर आधार कार्डावरची घाबरलेली ती सापडते. मग तिला तिथून कापून काढतात, मागं निळा रंग भरतात, आणि अंगावर नसलेली हिरवी साडी चढवतात. माझ्या आईचा माहेरच्या भिंतीवरचा फोटो असाच आहे. आईच्या डाव्या खांद्यावर कुणाची तरी तीन बोटं राहून गेली आहेत, कापणाऱ्याला ती दिसली नाहीत. कुणाची बोटं, ते कुणालाच सांगता येत नाही. माझी आई चांगली सत्तर वर्षं जगली, घर तिनं हाकलं, आणि तिच्या एकटीचा असा एक फोटो कुणी काढला नाही. मला त्या तीन बोटांचा संताप येतो. फोटोला नमस्कार करताना मी डोळे मिटते, ते भक्तीनं नव्हे.

म्हणून ही गोष्ट नाही म्हटलं तरी माझ्या रागाची आहे. काही वर्षांपूर्वीचा एक कापसाचा हंगाम, आणि त्यातल्या आमच्या मोठ्या बाई.

मोठ्या बाई म्हणजे माझी जाऊ. आमचं मूळ घर तळेगावला, श्यामजीपंतांच्या तळेगावात. आर्वीवरून पुढं गेलं की लागतं. तिथली शेती माझे मोठे दीर बघतात. आमच्याकडं त्यांना भासरे म्हणतात आणि त्यांच्यासमोर आवाज खाली ठेवतात. मी ठेवते, निदान सुरुवातीची दोन वाक्यं. मोठ्या बाई साठीच्या आसपास, उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं थोडकं. त्या मला 'लहानी' म्हणतात, माझे केस पांढरे झाले तरी. आणि त्या आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना तुम्ही मनात त्यांच्यासाठी हार ओवत बसणार नाही.

त्या हंगामात मी दर रविवारी दुकान यांच्यावर सोपवून तळेगावची बस धरत होते. दुतर्फा कापसाची पऱ्हाटी फुटलेली. खिडकीतून हात बाहेर काढला तर लागेल असं वाटावं इतकं पांढरं. सीतादहीची, म्हणजे पहिल्या वेचणीआधीची शेतातली पूजा होऊन वेचे सुरू झाले होते, रस्त्याच्या कडेनं बायका ओटीत कापूस भरून चालायच्या आणि लांबून सगळ्याच पोटुशा दिसायच्या. बसमध्ये कापसाचे पुंजके उडत यायचे, कुणाच्या मिशीला चिकटायचे. आर्वीच्या स्टँडवर मी एका चणे-फुटाणेवालीचा फोटो काढू लागले तर ती म्हणाली, "पेपरात देत असशीन त आधी तोंड धुतो." असे सगळे माझे सरावाचे दिवस होते. दहातले नऊ फोटो बिघडायचे आणि दहाव्यात डोळे मिटलेले असायचे.

भासऱ्यांनी त्या वर्षी भाव चढेल म्हणून कापूस विकला नव्हता. सगळा घरात. पुढच्या खोलीत खिडकीच्या चौकटीपर्यंत ढीग. ज्यांच्या घरात कापूस भरून ठेवत नाहीत त्यांना हे सांगून कळायचं नाही. खोलीला सरकीचा उबदार, तेलकट वास येतो. पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत जातो. आणि मग अंगाला जी खाज सुटते तिला औषध नाही. पाहुणे दारातूनच बोलून परत जातात, हा एक फायदा.

एका रविवारी चारच्या सुमाराला मोठ्या बाई शेतातून आल्या, हातपाय धुऊन त्या ढिगाच्या कडेला पाटावर बसल्या आणि चहाची वाट बघू लागल्या. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. ते बाईंच्या अंगावर पडतच नव्हतं. ते कापसावर पडत होतं, आणि कापूस ते उचलून बाईंच्या तोंडावर देत होता. शहरातले फोटोग्राफर याच कामासाठी चंदेरी पत्रे आणि पांढऱ्या छत्र्या घेऊन हिंडतात. इथं एक खोली भरून छत्री होती. हनुवटीखालची सावली निवळली होती, डोळ्यांखालची काळी वर्तुळं होती पण दुखत नव्हती, आणि उन्हानं रापलेली ती त्वचा, कपाळावरच्या तीन आडव्या रेघा, वरच्या ओठावरचा तीळ, सगळं एकाच मायेनं उजळलेलं. मी या घरात सून म्हणून येऊन जन्म गेला, आणि आपली जाऊ देखणी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"बाई, हलू नका," मी म्हटलं.

"काऊन? अंगावर काई चढलं का?"

"उजेड चढलाय."

त्यांनी माझ्या हातातला कॅमेरा पाहिला. पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "एकटीचा काढून राह्यली? एकटीचा त हाराचा असते."

"मग नको काढू?"

बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे होते, ते चोळत राहिल्या. "काढ," त्या म्हणाल्या. "हासू का?"

"वाटलं तर हसा."

"नाई वाटत."

आणि त्यांनी सरळ कॅमेऱ्याकडं पाहिलं. हे 'सरळ' मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडच्या बायका कॅमेऱ्याकडं बघत नाहीत, कॅमेऱ्यामागच्या माणसाला विचारत असतात: नीट बसले का, पदर बरोबर आहे का, झालं का. मोठ्या बाईंनी काही विचारलं नाही. घरमालकानं दारात आलेल्या माणसाकडं बघावं तसं पाहिलं. मी एकच फोटो काढला. दुसरा काढायची हिंमत झाली नाही, आणि गरजही नव्हती.

वर्धेला येऊन तो मोठा छापून घेतला आणि फ्रेमवाल्याकडं नेला. त्यानं फोटो काउंटरवर ठेवला, मान खाली घातली, आवाज हळू केला. "खाली तारीख टाकायची न, ताई?"

"कसली तारीख?"

"गेल्याची."

"त्या कापूस वेचायला गेल्या आहेत," मी म्हटलं. "तिथून परत येतात."

त्याचा विश्वास बसला नाही. दुःखानं माणसं असं बोलतात, हे त्यानं पाहिलेलं असावं. फ्रेम बांधून देताना त्यानं चंदनाचा नकली हार वर ठेवला आणि म्हणाला, मोठ्या साइजवर हा फ्री आहे. मी तो परत दिला. त्यानं पुन्हा ठेवला. शेवटी मी तो घेतला आणि रस्त्यावर बांधलेल्या एका बकरीच्या गळ्यात घातला. बकरीला आनंद झाला.

तळेगावला फोटो कुठं लावायचा ते बाईंनी स्वतः ठरवलं. सासू-सासऱ्यांच्या रांगेत मी खिळा बघत होते, तर म्हणाल्या, "त्यायच्या रांगेत नको. मी अजून त्या रांगेत नाई." समोरच्या दारातून आत आलं की ज्या भिंतीवर नजर पडते, तिथं त्यांनी बोट ठेवलं. तिथं भासऱ्यांचं कॅलेंडर होतं. ते आत गेलं. संध्याकाळी भासरे आर्वीहून आले, चप्पल काढता काढता त्यांनी वर पाहिलं आणि एक चप्पल पायातच राहिली. जेवताना ताटातला भात चिवडत एवढंच म्हणाले, "जित्या माणसाले असं टांगत नसते." बाईंनी त्यांच्या ताटात वरण वाढलं. फोटो राहिला.

आता खरी फजिती ऐका. बाईंचे चुलतभाऊ, कारंज्याचे शंकरदादा, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. दुपारची वेळ. भासरे बाहेर बाजेवर डुलकी काढत होते, बाई आत चुलीपाशी, मी मागच्या अंगणात. दादा दारात आले आणि समोर बघतात तो भिंतीवर बहीण. माणसानं पिशवी खाली टाकली, टोपी काढली, आणि असा हंबरडा फोडला की भासरे बाजेवरून पडता पडता वाचले.

"अवं बाई! मले कोनी सांगतलं बी नाई वं! माही एकुलती एक बहीन, अन् मले कोनी सांगतलं नाई!"

मी धावत आत आले, तेवढ्यात मोठ्या बाई पाण्याचा गडवा घेऊन माजघरातून बाहेर आल्या. "काय सांगा लागत होतं, दादा?"

दादा जमिनीवरच बसले. रडणं थांबेना, आता ते कशासाठी रडत होते ते त्यांनाही कळत नव्हतं. मग दुःखाचा राग झाला. राग आधी माझ्यावर, मग भासऱ्यांवर, मग फोटोवर. शेजारच्या चार बायका कुंपणाशी आल्या. असं अभद्र बरं नाही, लग्नाची पत्रिका घरात आली आणि रडारड झाली, फोटो आधी खाली घ्या, नारळ फोडा. दादा म्हणाले, "तो फोटो उतरल्याबिगर मी या घरचा चहा घेनार नाई." आमच्याकडं चहा नाकारणं म्हणजे काय ते सांगायला नको. भासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खुर्ची ओढायला वाकले.

"ठेव थे खुर्ची," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दादा, आपल्या आजीच्या डोक्याले कावळा शिवला होता, तई काय केलं होतं?"

दादांनी टोपी मांडीवर घेऊन तिची घडी नीट केली.

"खोटा सांगावा धाडला होता ना, का मेली म्हनून? सोयरे रडले का मरन टळते म्हनून? तुमीच त गेलते सांगावा घेऊन." त्यांनी गडवा पुढं केला. "झालं मंग. तुमी रडले, माहं मरन टळलं. आता चहा घ्या."

या युक्तिवादाला शास्त्र होतं, आणि तेही दादांच्याच घरचं. कुंपणापलीकडची एक म्हातारी मान हलवत 'बरोबर आहे बाप्पा' म्हणाली. दादांनी चहा घेतला. दोनदा घेतला. मला मात्र त्या चहापेक्षा बाईंचं ते 'ठेव थे खुर्ची' आठवतं. इतक्या वर्षांत त्या घरात एखादी वस्तू कुठं राहील हे त्यांनी असं चारचौघांत ठरवलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

इथं थांबता आलं असतं तर फार गमतीचा लेख झाला असता. पण त्याच हंगामात, संक्रांतीच्या थोडं मागंपुढं, बाईंना छातीत गाठ लागली.

सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. जे निघू नये तेच निघालं. ऑपरेशन आणि पुढं औषधाच्या सलाईनी, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. बाईंचा मुलगा अमरावतीहून आला. कारंज्याचे दादा आले आणि या वेळी रडले नाहीत, नुसते भिंतीकडं बघत बसले. कुणी माझ्या तोंडावर बोललं नाही, पण घरात हवा बोलत होती. भासरे एकदाच म्हणाले, तेही माझ्याकडं न बघता, "तई उतरवला असता त." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, कारण तेही घाबरले होते. भ्यालेल्या माणसाला कुणाला तरी जबाबदार धरावंच लागतं.

आणि मी? मी विज्ञान शिकलेली, दुकान चालवणारी, फ्रेमवाल्याशी भांडणारी बाई, मीसुद्धा घाबरले. गाठ फोटोनं होत नाही हे मला ठाऊक होतं. पण एखादी गोष्ट ठाऊक असणं आणि रात्री तिच्यावर डोकं ठेवून झोप लागणं यांत अंतर आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तळेगावला गेले आणि कुणी बघत नाही असं पाहून खुर्ची भिंतीला लावली. फ्रेमला हात घातला, तर मागून आवाज आला.

"काय करून राह्यली, लहानी?"

"पुसते आहे."

"पुसाले दोन हात कायले लागतेत?"

मी खुर्चीवरून उतरले. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. म्हटलं, "बाई, लोक म्हणतात ते खोटं आहे, पण मला भीती वाटते. तुम्ही परत आलात की पुन्हा लावीन. मीच लावीन."

बाई कापसाच्या ढिगाला टेकून बसल्या. त्यांचं बोलणं थोडकं असतं म्हणाले ना, त्या दिवशी त्या बोलल्या.

"पाह्य. माही माय मेली तई तिचा फोटो नव्हता. सासू मेली, तिचा आधार कार्डातला काढला, तिले ओयखू बी येत नाई. मी मेल्यावर हे सारे लोकं माह्या फोटोसमोर उभे राह्यतीन, हात जोडतीन, म्हनतीन का बाई चांगली होती. तई मी ऐकाले राहीन का? मले आता पाहा म्हना. आता दिसतो तशी. मी जगून राह्यली अन् तुमी माह्या नावानं भिंत रिकामी ठेवून राह्यले? मले भ्यायचं असन त मी गाठीले भिईन. फोटोले कायले भिऊ?"

मग थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात: "मी दवाखान्यात असन तई घरात माहं कोनी पाह्यजे ना."

फोटो भिंतीवर राहिला आणि बाई सावंगीला गेल्या. ऑपरेशन झालं. नंतरच्या सलाईनींसाठी त्या आमच्या वर्धेच्या घरी राहू लागल्या. सावंगी जवळ, म्हणून सोय. तळेगावला भासरे एकटे होते. शेजारची बाई मला पुढं कधीतरी सांगत होती की ते सकाळी चहाचा कप घेऊन त्या भिंतीसमोर बसायचे आणि पिकाबद्दल काहीबाही बोलायचे. मी त्यांना हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते कॅलेंडर शोधत होतो म्हणाले असते.

दवाखान्यात मी कॅमेरा नेला नाही. तिथं ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडून सारखा येतो, माणसाला सावलीच ठेवत नाही. एकदा सलाईन लावलेली असताना बाई छताकडं बघून म्हणाल्या, "इथला उजेड फालतू आहे." मी इतकी हसले की नर्स बघायला आली. केस जायला लागले तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. उशीवर, फणीत, न्हाणीच्या जाळीवर. बाईंचे केस त्या वयातही कमरेपर्यंत होते. एके दिवशी त्यांनी स्वतःच सगळे उतरवायला लावले आणि पदर घट्ट ओढून घेतला. दोन दिवस आरशासमोर गेल्या नाहीत. त्या दिवसांत मी त्यांना काही धीर दिला नाही. धीर देणारी माणसं मला स्वतःला आवडत नाहीत.

लोकांनी मात्र पुष्कळ दिला. नकली केस मिळतात, चांगले रुमाल मिळतात, घराबाहेर पडू नका म्हणजे कुणाला दिसणार नाही. म्हणजे पुन्हा तेच. मागच्या रांगेत, फेट्याआड. प्रेमानं सांगितलं म्हणून ते वेगळं होत नाही.

होळीनंतर, दोन सलाईनींच्या मधल्या दिवसांत, बाई तळेगावला गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन आला. "कॅमेरा घेऊन येजो." मी गेले. कापूस तोवर विकून झाला होता, खोली झाडून रिकामी, कोपऱ्यात चारदोन पुंजके. तो जुना मऊ उजेड आता नव्हता. बाहेर ऊन कडक झालेलं, उन्हाळ्याच्या तोंडावरचं. मी म्हटलं, सकाळी लवकर काढू, आता सावल्या काळ्या पडतील, सगळं कठोर दिसेल.

"दिसू दे," बाई म्हणाल्या. "आहे तसंच आहे."

त्यांनी खुर्ची उचलली आणि अंगणात आणून ठेवली, रस्त्याकडं तोंड करून. बसल्या. आणि सगळ्यांदेखत डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकला. लग्न होऊन या घरात आल्यापासून दिवसाउजेडी अंगणात त्यांचं उघडं डोकं कुणी पाहिलं नव्हतं. ऊन त्या डोक्यावर सरळ आलं. कवटीचा आकार, कानामागची जुनी खोक, मानेची ताठ शीर, काही म्हणजे काही लपलं नाही. रस्त्यानं जाणाऱ्या दोघी थबकल्या. त्यातली एक कळवळून म्हणाली, "बाई, पदर घ्या ना वं, लोकं पाह्यतेत."

"त्याच्यासाठीच बसली इथं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "काढ."

मी श्वास रोखला आणि काढला. या वेळी त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, मी सांगितलेलं नव्हतं. मी पुष्कळ चेहरे काढले, पुढंही काढीन, पण कडक उन्हाला मी तेव्हापासून नावं ठेवत नाही. काही चेहऱ्यांना मऊ उजेडाची गरज नसते. त्या चेहऱ्यांची कीव करायची सवय आपल्याला असते, आणि आपण तिलाच उजेड म्हणतो.

आता पुन्हा कापूस फुटला आहे. परवा बाईंची सावंगीला नेहमीची तपासणी आहे, आणि दर वेळी रिपोर्ट हातात येईपर्यंत मी अजूनही घाबरलेली असते. मोठ्या बाईही असतील. काय निघायचं ते निघो. तळेगावच्या भिंतीवर आज दोन चौकटी आहेत आणि दोन्हींना हार नाही.

दुसरी चौकट करायची ठरली त्या दुपारची गोष्ट तेवढी सांगायची राहिली. फोटो काढून झाला तेव्हा भासरे गोठ्याच्या दाराशी उभे होते, कधीपासून कोण जाणे. मी मनात भांडणाची तयारी केली. सुरुवातीची दोन वाक्यंही हळू बोलणार नव्हते. ते अंगणात आले. बायकोच्या उघड्या डोक्याकडं पाहिलं, रस्त्यावर थांबलेल्या त्या दोघींकडं पाहिलं, घसा खाकरला, आणि मला विचारलं, "याची बी फ्रेम तेवढीच करशीन का?"

मी उत्तर द्यायच्या आत मोठ्या बाईंनी दिलं.

"तेवढी कायले? मोठी कर. रस्त्यावरून दिसली पाह्यजे."